बेरीज जुळली, तारीख चुकली

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, हल्ली काय चाललंय?" मी म्हटलं, "भाषांतर करतोय." त्याला आनंद झाला. "वा! कुठल्या भाषेतून?" म्हटलं, "बँकेच्या भाषेतून हिशेबाच्या भाषेत." तो हसला. मला काही हसू आलं नाही.

झालंय असं, की आमच्या ४४ बिऱ्हाडांच्या सोसायटीचा खजिनदार म्हणून माझी नेमणूक झाली. कारण एकच, मी रिकामा आहे असं सर्वांचं मत. शिवाय मास्तर माणूस, चार पैशांची गडबड करणार नाही! पैशांची गडबड मी केली नाही. पण गडबड झाली, आणि ती माझ्या सहीने झाली. ती काय, हे आधी सांगतो, आणि मग ज्यांच्याशी भांडायचंय त्यांच्याशी भांडतो.

सोसायटीची खाती दोन बँकांत आहेत. एक सहकारी, एक मोठी. दोघी महिन्याच्या महिन्याला विवरण देतात, म्हणजे आपलं स्टेटमेंट. एकीचं पीडीएफ, पासवर्ड लावलेलं. दुसरीची फाइल सीएसव्ही. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी ओळ: तारीख, तपशील, चेक नंबर, नावे, जमा, शिल्लक. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र ही फाइल जशीच्या तशी घेत नाही. त्याला रकाने वेगळ्या क्रमाने हवेत, तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ हवी, आणि वरच्या १७ ओळींतला बँकेचा पत्ता, शाखेचा फोन आणि कर्ज घ्या अशी प्रेमळ विनंती, हे सगळं काढून टाकायला हवं. म्हणून ती फाइल आधी स्प्रेडशीटमध्ये उघडायची, साफसूफ करायची, मग एका छोट्या प्रोग्रॅममधून काढून सॉफ्टवेअरच्या तोंडी घालायची. धुणं, वाळत घालणं, इस्त्री. सगळं आपणच करायचं.

एप्रिल २०२५ मध्ये मी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ अशा पूर्ण वर्षाची फाइल अशीच धुवून, वाळवून आत घातली. ३८६ नोंदी गेल्या, ३८६ आत पोचल्या. एकूण जमा जुळली, एकूण नावे जुळलं. मी समाधानाने चहा घेतला. संध्याकाळी चिटणीसांना थकबाकीदारांची यादी हवी होती. सॉफ्टवेअरला म्हटलं, ३१ मार्चअखेर कोणाची बाकी आहे ते सांग. त्याने नऊ नावं दिली. मी सही केली. यादी जिन्याखालच्या फलकावर लागली.

नवातली सात नावं चुकीची होती.

कशी, ते ऐका. माझा लॅपटॉप मुलाने अमेरिकेहून आणलेला. त्याच्या पोटात तारखेची अमेरिकन रीत: आधी महिना, मग दिवस. बँकेच्या फाइलमध्ये आपली रीत: आधी दिवस, मग महिना. बँकेने लिहिलं ०४/०२/२०२५, म्हणजे ४ फेब्रुवारी. स्प्रेडशीटने वाचलं २ एप्रिल. पण १३/०२/२०२५ आलं की तेरावा महिना नसतो, म्हणून ते स्प्रेडशीटने तारीख न समजता नुसती अक्षरं समजून जसंच्या तसं ठेवलं. पुढच्या प्रोग्रॅमने ते बरोबर वाचलं. परिणाम असा, की प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या झाल्या (दिवस आणि महिना एकच असेल तेवढ्या सोडून), आणि १३ पासूनच्या सुलट्या राहिल्या! आणि उलट्या नोंदींतल्या काही थेट वर्षाच्या बाहेर जाऊन पडल्या. जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चच्या ४ ते १२ तारखांत ज्यांनी पैसे भरले, त्यांचे पैसे सॉफ्टवेअरच्या मते एप्रिल किंवा त्याच्याही पुढच्या महिन्यांत आले. म्हणजे ३१ मार्चला ते थकबाकीदार.

बेरजा मात्र जुळणारच होत्या. तारीख बदलली म्हणून रक्कम बदलत नाही. वर्गात मी पोरांना सांगत आलो, की उत्तर जुळलं म्हणजे रीत बरोबर असं समजू नका. स्वतःच्या वेळी विसरलो. ३१ मार्चची बँकेतली शिल्लक आणि आमच्या वहीतली शिल्लक शेजारी ठेवून बघितली असती, तर दोन मिनिटांत फरक दिसला असता. ती चूक माझी. ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

सातांपैकी सहा जण तरणे होते. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर चार टोमणे मारले, पावत्यांचे फोटो टाकले, संपलं. सातव्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. वय ८० च्या पुढे, एकट्या राहतात, चेक स्वतः लिहितात आणि बँकेत स्वतः जाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं पासबुक. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पासबुक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, माझ्या मुलाला तुम्ही शिकवलंत. मला एवढंच सांगा, हे पैसे मी भरलेत की नाही?"

४ फेब्रुवारी. ७,५०० रुपये. सोसायटीच्या नावे. छापील, स्वच्छ.

मी म्हटलं, "भरलेत वहिनी. चूक आमची आहे." त्या म्हणाल्या, "मग रात्रभर ते नाव तिथे होतं त्याचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांचे यजमान गेल्यापासून या बाईने एक बिल एक दिवस उशिरा भरलेलं नाही. तेवढीच एक गोष्ट जगाला दाखवण्यासारखी आपल्या हातात उरलीय असं त्यांना वाटत असावं, आणि ती आम्ही फलकावर टाचणीने टोचली.

असो. आता भांडण.

माझी चूक मी कबूल केली. पण मला सांगा, बँकेच्या वहीतून माझ्या वहीत एक नोंद न्यायला मला स्प्रेडशीट, एक प्रोग्रॅम, लॅपटॉपची सेटिंग आणि देवाची कृपा, एवढं सगळं का लागावं? बँकेकडे ती नोंद नीट आहे. माझ्या सॉफ्टवेअरला ती नीट ठेवता येते. मधल्या दोन हातांच्या अंतरात ती मोडते, आणि मोडलेली जोडायचं काम कोणी करायचं? ज्याला त्यातलं सगळ्यात कमी कळतं त्याने. म्हणजे मी. आणि माझ्यासारखे हजारो खजिनदार, देवळांचे विश्वस्त, वाचनालयांचे चिटणीस, किराणा दुकानदार.

आणि तारखेचं हे एकच दुखणं आहे असं समजू नका. चेकचा नंबर सहा आकडी असतो, ०००४१७ असा. स्प्रेडशीट त्याची संख्या समजते आणि पुढची शून्यं खाऊन टाकते, उरतात ४१७. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी. तो मोठी संख्या समजून स्प्रेडशीट त्याला दशांशचिन्ह आणि दहाचा घात अशा शास्त्रीय वेशात दाखवते, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे गेले. कोणी भरलं ते शोधायचा धागाच तुटला. आपल्या पद्धतीने १,२५,००० लिहिलं, की त्यातले स्वल्पविराम रकाने तोडणारे स्वल्पविराम म्हणून वाचले जाण्याची भीती. तपशिलात मराठी नाव असेल, तर कधी कधी त्याच्या जागी टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांची रांग उभी राहते.

सगळ्यात मजेशीर घोळ जमा आणि नावेचा. आपण बँकेत हजार रुपये ठेवले, की बँक आपली देणेकरी झाली. तिच्या वहीत आपल्या नावावर ते जमा. आपल्या वहीत मात्र बँक आपल्याला देणं लागते, म्हणून बँकेच्या नावे. दोन्ही बरोबर, कारण बघणारे दोन बाजूंनी बघताहेत. कीर्द-खतावणी शिकलेल्याला हे पहिल्या महिन्यात कळतं. आता फाइलींची गंमत बघा. एका बँकेत जमा आणि नावे असे दोन रकाने. दुसरीत रकाना एकच आणि पुढे दोन अक्षरी शेपूट. तिसरीकडे नुसतं वजाचं चिन्ह. कोणाच्या बाजूने बघून लिहिलंय हे फाइल सांगत नाही. आपण ओळखायचं. चुकीचं ओळखलं, की पगार दिलेला वॉचमन सोसायटीला पैसे देऊन गेला असं दिसतं!

यावर मला दोन-तीन ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: "काका, तांत्रिक विषय आहे, तुम्हाला नाही कळायचा." ठीक. मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. पण वाचता येतं, म्हणून वाचलं. आणि वाचल्यावर जास्तच राग आला. कारण हा प्रश्न कधीच सुटलेला आहे!

तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी म्हणजे जगात कुठेही गोंधळ होत नाही, हे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, १९८८ सालचं आहे. घरगुती हिशेबाच्या अमेरिकन सॉफ्टवेअरांत पूर्वी क्यूआयएफ नावाची फाइल चालायची. तिच्यात दोन मोठी व्यंगं होती. तारीख कुठल्या रीतीची ते तिच्यात लिहिलेलं नसे, आणि नोंदीला स्वतःची ओळख नसे, त्यामुळे तीच फाइल दोनदा घातली की नोंदी दुप्पट होण्याची भीती. म्हणजे माझीच रडगाणी. मग १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, इन्ट्युइट आणि चेकफ्री या तीन कंपन्यांनी मिळून ओएफएक्स नावाचं खुलं स्वरूप काढलं. त्यात तारीख वर्षापासून सुरू होते, आणि प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो. दोन्ही रोगांवर औषध. १९९७ साली! तेव्हा आमच्या शाळेत संगणक कापडाने झाकून ठेवायचे, आणि धूळ जाऊ नये म्हणून खोलीत चपला काढून जायचे.

पुढे काय झालं? खुल्या दारालाही कुलूप बसलं. त्याच ओएफएक्समध्ये इन्ट्युइटने स्वतःच्या खुणा घालून क्यूएफएक्स असं निराळं रूप केलं, आणि तिच्या क्विकन या सॉफ्टवेअरला बँकेची तीच फाइल चालू लागली जिच्यात त्या खुणा आहेत. म्हणजे पत्र मराठीतच, पण आमच्याच दुकानातून पाकीट घेतलं असेल तर उघडू! मायक्रोसॉफ्टचं मनी नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याची विक्री २००९ साली बंद झाली. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांचे घरचे हिशेब त्यात लिहिले होते, त्यांच्यापुढे ते बाहेर काढायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. वही तुमची, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला.

बँका आपसात बोलतात तेव्हा मात्र त्यांना हे दुखणं नको असतं. आयएसओ २००२२ नावाचं मानक २००४ पासून आहे. खात्याचं विवरण कसं पाठवायचं याचासुद्धा ठरलेला साचा त्यात आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेची २०१३ पासूनची आरटीजीएस व्यवस्था याच मानकावर उभी आहे. मोठ्यांनी मोठ्यांशी बोलताना शुद्ध प्रमाणभाषा, आणि खातेदाराशी बोलताना खाणाखुणा. तेव्हा तांत्रिक अडचण हे कारण कृपा करून मला सांगू नका.

दुसरं उत्तर: "इतक्या बँका, प्रत्येकीची पद्धत वेगळी, सगळ्यांना एका साच्यात कसं बसवणार?" अहो, बसवलंय की! चेकबुक काढून बघा. २०१० साली ठरलेल्या मानकांनंतर कुठल्याही बँकेचा चेक घ्या, जलचिन्ह आहे, रकमेची चौकट ठरलेल्या जागी आहे. आणि तारखेसाठी आठ चौकोन आहेत, खाली बारीक अक्षरांत लिहिलंय कुठे दिवस, कुठे महिना, कुठे वर्ष. ज्या चुकीमुळे वहिनींचं नाव फलकावर लागलं ती चूक कागदी चेकवर होऊच शकत नाही! शाखेचा आयएफएससी सगळीकडे ११ अक्षरांचा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि एका बँकेचा खातेदार दुसऱ्या बँकेतल्या भाजीवाल्याला पाच सेकंदांत पैसे देऊ लागला. पैसे एका बँकेतून दुसरीत पाच सेकंदांत जातात, आणि त्या पैशांची नोंद माझ्या वहीत यायला माझे तीन रविवार जातात. याला अशक्य म्हणत नाहीत. कोणाला गरज वाटली नाही, असं म्हणतात.

जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की पासबुकात आणि विवरणात व्यवहाराचे पुरेसे तपशील द्या, पैसे कोणाकडून आले, कोणाला गेले, कशाने गेले ते कळू द्या. फार चांगलं झालं. म्हणजे काय लिहायचं हे ठरवून देता येतं. मग कसं लिहायचं हेही ठरवून देता येईल ना? एक पाऊल पुढे, एवढंच.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खुपतं: "पीडीएफ सुरक्षित असतं, त्यात कोणी फेरफार करू नये म्हणून देतो." आता या सुरक्षिततेचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. खजिनदाराला आकडे हवे असतात. पीडीएफमधून ते निघत नाहीत, निघाले तर तपशिलाची एक ओळ तीन ओळींत फुटते. मग तो बिचारा इंटरनेटवर शोधतो. तिथे फुकटात पीडीएफचं स्प्रेडशीट करून देणारी शेकडो ठिकाणं हात जोडून उभी. तो पासवर्ड काढतो आणि सोसायटीचं अख्खं वर्षाचं विवरण कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर चढवतो, ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यात ४४ घरांची नावं असतात, कोण कधी किती भरतो ते असतं. पुढच्या दाराला कुलूप लावून मागची खिडकी उघडी टाकायची आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं! फेरफाराची भीती असेल तर पीडीएफवर डिजिटल सही करा आणि पुराव्यासाठी ते द्याच. सोबत हिशेबासाठी आकड्यांची फाइलही द्या. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची गरज नाही.

चौथं उत्तर नवीन आहे, आणि ते देणारे खरंच हुशार आहेत, म्हणून त्याला आदराने घेतो. "सर, आता अकाउंट अ‍ॅग्रिगेटर आलंय." खरं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याचे नियम केले, सप्टेंबर २०२१ मध्ये बँकांसह ते सुरू झालं. आपण संमती दिली, की आपली बँक आपली माहिती ठरलेल्या साच्यात, कुलूपबंद वाटेने पुढच्याकडे पाठवते. उत्तम व्यवस्था. पण पुढचा म्हणजे कोण? माहिती घेणारा कुठल्या तरी वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालचा असावा लागतो: बँक, कर्ज देणारी कंपनी, विमा कंपनी, शेअर दलाल. सोसायटीचा खजिनदार त्यात बसत नाही. किराणा दुकानदार बसत नाही. म्हणजे बघा, कर्ज द्यायला टपलेल्या कंपनीला माझ्या खात्याचा हिशेब यंत्राला वाचता येईल असा नीटनेटका मिळतो, आणि ज्याचं खातं त्याने स्वतःची वही लिहायला मागितला, की पासवर्ड लावलेलं चित्र मिळतं. हे कर्ज विकणाऱ्याच्या सोयीचं झालं, खातेदाराच्या नाही.

युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याच्या विसाव्या कलमात माणसाला हक्क दिलाय, की त्याने दिलेली त्याची माहिती त्याला सुव्यवस्थित, सर्रास वापरात असलेल्या आणि यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळावी, आणि ती त्याला दुसरीकडे नेता यावी. आपल्याकडे २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली जो कायदा झाला त्यातून तो गळला. गळला तेव्हा कोणी रडलं नाही. मीही नाही रडलो, मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. अर्थ आता कळला, जिन्याखालच्या फलकासमोर.

आपण मराठी लिहिणाऱ्यांनी तर हे दुखणं एकदा अंगावर काढलंय. आठवतं का? प्रत्येक कंपनीचा मराठी फाँट वेगळा, आत अक्षरांचे क्रमांक वेगळे. एका फाँटात लिहिलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसता चिखल. माझे स्वतःचे पंधरा-वीस लेख असे एका फाँटात अडकून मेले, फ्लॉपीसकट. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, देवनागरी होती. पण आपल्या रोजच्या वापरात यायला तिला वर्षानुवर्षं लागली, कारण ज्याचा त्याचा फाँट हे ज्याचं त्याचं दुकान होतं. आज युनिकोडमुळे पुण्यात लिहिलेलं टोरांटोत जसंच्या तसं वाचता येतं, आणि त्यामुळे कुठल्या फाँटवाल्याचं आकाश कोसळलं असं दिसलं नाही. अक्षरांचं जे झालं ते आकड्यांचं का होऊ नये?

आता एक बाजू आपलीही. यंत्र चुकलं की आपण माणसं मुकाट्याने त्याच्यापुढे वाकतो. मानवी जनुकांना नावं देणारी शास्त्रज्ञांची समिती आहे. काही जनुकांची इंग्रजी लघुनावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसायची, आणि स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करून टाकायची. २०२० साली समितीने अशी नावं बदलण्याचं धोरण जाहीर केलं. स्प्रेडशीट बदलेना, तर जनुकांची नावं बदलली! शास्त्रज्ञांची ही कथा, तिथे सोसायटीच्या खजिनदाराचं काय घेऊन बसलात. पण म्हणूनच बोललं पाहिजे. सवय झाली की जाच दिसेनासा होतो.

मला काय हवंय ते मोजून सांगतो, म्हणजे नुसता कुरकुऱ्या म्हातारा म्हणायला नको. प्रत्येक बँकेने प्रत्येक खातेदाराला, फुकट, एकाच ठरलेल्या स्वरूपाची फाइल द्यावी. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात. तारीख वर्षापासून लिहिलेली. एका व्यवहाराला एकच ओळ. प्रत्येक व्यवहाराला न बदलणारा स्वतःचा क्रमांक. जमा-नावे कोणाच्या बाजूने लिहिलंय याचा स्पष्ट उल्लेख. आणि सुरुवातीची व अखेरची शिल्लक, म्हणजे घेणाऱ्या सॉफ्टवेअरला आपलं आपण ताडून बघता येईल आणि न जुळल्यास ते तोंड उघडून सांगेल. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी ही फाइल जशीच्या तशी आत घ्यावी, आणि तेवढ्याच सहजपणे माझा हिशेब बाहेरही काढू द्यावा. यात एकही शोध लावायचा नाही. सगळे लागलेले आहेत.

आणि तोपर्यंत, माझ्यासारख्या खजिनदारांनो, तुम्हाला हात जोडून सांगणं. फाइल स्प्रेडशीटमध्ये नुसती टिचकी मारून उघडू नका. आयात करायची सोय असते ती वापरा, आणि तारखेचा व नंबरांचा रकाना मजकूर म्हणूनच घ्या. बेरीज जुळली म्हणून चहा घेऊ नका, महिनाअखेरच्या प्रत्येक तारखेची शिल्लक बँकेच्या शिलकेशी जुळवा. पुढच्या तारखेची एखादी नोंद वहीत दिसली तर तिथेच थांबा. आणि कोणाचं नाव फलकावर लावण्याआधी त्या माणसाला एक फोन करा. हे शेवटचं तर संगणक नव्हता तेव्हाही करता येत होतं.

आम्ही फलकावर दुरुस्ती लावली, मोठ्या अक्षरांत, माझ्या नावाने माफी मागून, आणि ती महिनाभर ठेवली. वहिनी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की पूर्वीसारख्याच "काय सर" म्हणतात. पण त्यानंतरच्या सभेला त्या आल्या तेव्हा हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती, आणि सभा संपेपर्यंत ती त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती.

त्या रात्री मी बँकेला पत्र लिहिलं. सविस्तर, वरचे पाचही मुद्दे घालून, मराठीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पीडीएफ, पासवर्ड लावलेलं. आत एकच वाक्य होतं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

कुठल्या स्वरूपात घेतली, ते कळवलेलं नाही.